रशियन ‘मी’चा अर्थ ‘आम्ही’

शाळेत असताना मी लेझीम पथकात होते. पन्नास-साठ मुलींच्या ओळी, हलगीचा ठेका, आणि तिसऱ्या-चौथ्या आवर्तनानंतर एक क्षण असा यायचा की आपला हात कुठे संपला आणि शेजारणीचा कुठे सुरू झाला ते कळेनासे व्हायचे. सगळ्या लेझमींचा मिळून एकच आवाज. तसा निखळ आनंद पुढे फार थोड्या गोष्टींनी दिला. हे आधीच सांगून टाकते, कारण लादलेल्या एकसारखेपणाबद्दल बोलताना बहुतेक वेळा सुरुवात चाबकापासून होते. आज ज्या कादंबरीबद्दल सांगायचे आहे ती सुरुवात त्या आनंदापासून करते, आणि म्हणूनच ती अंगावर येते.

कादंबरी रशियन आहे. येवगेनी झाम्यातिन या जहाजबांधणीच्या इंजिनिअरने ती 1920-21च्या सुमारास लिहिली. नावाचा अर्थ ‘आम्ही’. गंमत अशी की रशियन भाषेत ‘आम्ही’साठी जो शब्द आहे, तो मराठी कानाला जवळजवळ ‘मी’ असाच ऐकू येतो. हा निव्वळ योगायोग आहे. पण मला तो विसरता येत नाही, कारण ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ कसे बसवले जाते, हाच या पुस्तकाचा विषय आहे.

आधी एका शब्दाची ओळख करून घेऊ. जिथे सगळे सुरळीत, सुखी आणि न्याय्य आहे अशा कल्पित राज्याला इंग्रज लेखक थॉमस मोरने 1516मध्ये ‘युटोपिया’ हे नाव दिले. त्याच्याच पुस्तकाचे ते नाव. त्याच्या उलट, जिथे राज्याची रचनाच माणसाला गुदमरवते, त्या कल्पित जगाला ‘डिस्टोपिया’ म्हणतात. पण मोरचे मूळ पुस्तक उघडले तर एक गोष्ट खटकते. त्या आदर्श बेटावर 54 शहरे आहेत आणि एक पाहिले की सगळी पाहिल्यासारखी आहेत. लोकांचे कपडेही एकाच धाटणीचे. म्हणजे सुखी राज्याच्या पहिल्याच नकाशात एकसारखेपणा होता. डिस्टोपिया लिहिणाऱ्यांनी तो बाहेरून आणला नाही. फक्त विचारले, की या 54 शहरांपैकी एकात एखाद्याला सकाळी उठून वेगळे काही वाटले, तर?

झाम्यातिनने हा प्रश्न ज्याला पडू दिला तो डी-503. या राज्यात नावे नाहीत. माणसांना ‘नंबर’ म्हणतात. पुरुषांना व्यंजन आणि विषम आकडा, स्त्रियांना स्वर आणि सम आकडा. सगळ्यांच्या अंगावर निळसर-करडा गणवेश, छातीवर नंबराचा बिल्ला. घरे, रस्ते, भिंती, फर्निचर, सगळे काचेचे. शहराभोवती हिरवी भिंत, तिच्यापलीकडे रान. राज्याच्या प्रमुखाला ‘कल्याणकर्ता’ म्हणतात. डी-503 गणिती आहे आणि अंतराळयान बांधणाऱ्या कामाचा मुख्य आहे.

या राज्याचा खरा राजा कल्याणकर्ता नाही, वेळापत्रक आहे. प्रत्येकाच्या खोलीत तासांचा तक्ता लावलेला. लाखो लोक एकाच मिनिटाला उठतात, एकाच मिनिटाला काम सुरू करतात, एकाच सेकंदाला घास तोंडात घालतात, आणि प्रत्येक घास पन्नास वेळा चावायचा हा नियम आहे. डी-503 अगदी मनापासून लिहितो, की प्राचीन माणसांकडून आपल्यापर्यंत आलेले सर्वांत थोर साहित्य म्हणजे रेल्वेचे वेळापत्रक. दिवसातून फक्त दोन तास, दुपारी चार ते पाच आणि रात्री नऊ ते दहा, ज्याला त्याला मोकळे असतात. तेही एक दिवस तक्त्यात बसावेत, अशी त्याची मनोमन इच्छा आहे. त्याच्यावर कुणी जबरदस्ती करत नाही. त्याला ते सुंदर वाटते. संध्याकाळी चौघाचौघांच्या रांगेत, बँडच्या तालावर, हजारो पावले एकदम पडताना त्याला जे होते, ते मी लेझमीच्या मैदानावर अनुभवले आहे. फरक एवढाच की तासाभराने आमची लेझीम खोलीत टांगली जायची आणि आम्ही आपापल्या घरी भांडायला, रुसायला, अभ्यास टाळायला मोकळ्या व्हायचो. डी-503ला त्या मैदानातून घरी जायला जागाच ठेवलेली नाही.

काचेच्या घरांमागेही असाच साधासरळ युक्तिवाद आहे: लपवण्यासारखे काही नाही, तर पडदा कशाला? पडदे फक्त एका कारणासाठी ओढता येतात. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या नंबरासोबत, गुलाबी तिकीट दाखवून. ते तिकीट मिळाले की तासाभरासाठी पडदा. प्रेमातला मत्सर संपवायचा म्हणून राज्याने शरीरांचा रीतसर हिशेब लावून दिला आहे. जिचे तिकीट डी-503कडे असते ती ओ-90 गोल, गुलाबी, साधीभोळी. तिला मूल हवे आहे. पण मातृत्वासाठी जी उंची ठरवली आहे त्यापेक्षा ती दहा सेंटिमीटर कमी भरते, म्हणून परवानगी नाही.

इथे पुस्तक वाचताना आपण म्हणतो, किती क्रूर! पण त्या राज्याचे स्वतःचे म्हणणे नीट ऐकून घेतले पाहिजे, नाहीतर हा प्रकार कळतच नाही. डी-503चा मित्र आर-13 हा कवी आहे. तो स्वर्गातल्या आदिम जोडप्याची गोष्ट नव्याने सांगतो. त्यांच्यापुढे दोनच पर्याय होते: स्वातंत्र्याशिवाय सुख, किंवा सुखाशिवाय स्वातंत्र्य. त्या वेड्यांनी स्वातंत्र्य निवडले आणि मग शतकानुशतके बेड्यांसाठी झुरत राहिले. आता राज्याने ती चूक दुरुस्त केली. डी-503 याला गणिताची जोड देतो. विमानाचा वेग शून्य, तर विमान हलत नाही. माणसाचे स्वातंत्र्य शून्य, तर गुन्हा होत नाही. माणसाला गुन्ह्यापासून वाचवायचे तर त्याला स्वातंत्र्यापासून वाचवा. ‘तुमच्याच भल्यासाठी’ हे शब्द ज्याने लहानपणापासून ऐकले आहेत, त्याला हा सूर ओळखीचा वाटेल.

या गणिताचे खरे रूप एका छोट्या प्रसंगात दिसते. अंतराळयानाच्या इंजिनांची चाचणी चालू असते. खाली बेसावध उभे असलेले दहा नंबर एका क्षणात नाहीसे होतात. थोडी राख उरते, दुसरे काही नाही. कामाची लय क्षणभरही चुकत नाही. डी-503 हे अभिमानाने लिहितो. दहा नंबर म्हणजे एकूण संख्येच्या तुलनेत काहीच नाही. हिशेब येत नसल्यामुळे प्राचीन लोकांना अशा वेळी कीव यायची, असे तो म्हणतो. मी हा परिच्छेद पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते. एक, दोन, तीन असे मोजता मोजता माणसे शून्याच्या जवळ कशी जातात, हे मी इतक्या थोडक्यात कुठेच वाचले नाही.

हे सगळे झाम्यातिनला सुचले कुठून? अनेकांना वाटते की सोव्हिएत राजवटीवरची ही टीका आहे. ती आहेच, पण तेवढ्यावर थांबले तर पुस्तक निम्मेच कळते. झाम्यातिन तरुणपणी स्वतः बोल्शेविक, म्हणजे पुढे सत्तेवर आलेल्या लेनिनच्या पक्षाचा होता. 1905च्या क्रांतीत झारच्या पोलिसांनी त्याला पकडले होते. 1916मध्ये रशियन बर्फफोडी जहाजांच्या बांधणीवर देखरेख करायला तो इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला गेला. तिथल्या मध्यमवर्गीय शिस्तीवर त्याने एक लघुकादंबरी लिहिली. तिच्यातल्या पाद्र्याने जेवणाचे, पश्चात्तापाचे, दानधर्माचे, इतकेच काय, संसारसुखाचेही वेळापत्रक आखलेले आहे. म्हणजे तो तक्ता झाम्यातिनच्या कागदावर आधी इंग्लंडमध्ये उतरला, आणि तोही चर्चच्या माणसाच्या हातून.

दुसरे मूळ अमेरिकेत आहे. फ्रेडरिक टेलर नावाच्या इंजिनिअरने कामगारांच्या हालचाली स्टॉपवॉच लावून मोजल्या आणि 1911मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. लोखंडाच्या लगडी उचलणारा एक मजूर दिवसाला साडेबारा टनांऐवजी 47 टन उचलू लागला, असा त्याचा दावा. अट एवढीच होती: चल म्हटले की चालायचे, बस म्हटले की बसायचे, उलट बोलायचे नाही. डी-503ला हा टेलर प्राचीन काळातला सर्वांत मोठा विचारवंत वाटतो. आणि 1917च्या क्रांतीनंतरच्या रशियात खरोखरच हा भांडवलदारांचा टेलर आदर्श ठरला. 1918मध्ये लेनिनने त्याची पद्धत अभ्यासून अमलात आणायला सांगितले. अलेक्सेई गास्तेव या कामगार-कवीने 1919मध्ये लिहिले, की पुढे एकेका कामगाराला अ, ब, क किंवा 325, 075, 0 असे म्हणता येईल. तो हे भीतीने लिहीत नव्हता, उत्साहाने लिहीत होता. पुढच्याच वर्षी त्याने मॉस्कोत श्रमाचा अभ्यास करणारी संस्था काढली. 1938मध्ये त्याच राजवटीने त्याला पकडले आणि 1939मध्ये गोळी घातली. त्याचे शेवटी असे व्हायला नको होते, असे मला अगदी मनापासून वाटते. माणसांचे भले करायला निघालेला माणूस होता तो.

तेव्हा हा रोग एका पक्षाचा किंवा एका देशाचा नाही. चर्च, कारखाना, क्रांती, तिघांच्याही हातात तोच तक्ता होता.

आता कथेतला बिघाड पाहू. राज्य अंतराळात यान पाठवणार आहे. दुसऱ्या ग्रहांवर जे कुणी अजून ‘स्वातंत्र्याच्या रानटी अवस्थेत’ असतील, त्यांना सुखी करायचे. समजुतीने ऐकले नाही तर सक्तीने. पण आधी शब्दांनी प्रयत्न करायचा म्हणून नागरिकांना आवाहन होते, की राज्याच्या थोरवीवर लिहा. डी-503 वही उघडतो. पहिल्याच नोंदीत म्हणतो, मी जे पाहतो, मी जो विचार करतो ते लिहीन. आणि तिथेच स्वतःला सुधारतो: मी नव्हे, आम्ही जो विचार करतो ते.

ही दुरुस्ती मराठीत आणायची म्हटली की एक पेच पडतो, आणि तो फार शिकवणारा आहे. रशियन किंवा इंग्रजीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना एकच शब्द आहे. आपल्याकडे दोन. ‘आम्ही सिनेमाला चाललोय’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहिला. ‘आपण सिनेमाला जाऊ’ म्हटले की तोही आत आला. डी-503चे राज्य परग्रहवासीयांशी नेमके कुठल्या शब्दाने बोलते? आज ‘आम्ही’, उद्या तुम्हाला गिळून ‘आपण’. फ्रेंच अनुवादकाने 1929मध्ये पुस्तकाला ‘नू ओत्र’ असे नाव दिले. त्यात ‘आम्ही, तुमच्याहून वेगळे’ अशी छटा येते, म्हणजे आपल्या ‘आम्ही’च्या जवळची. मराठीत आणखी एक गोष्ट होते. मी ‘मी गेले’ म्हणते, माझा भाऊ ‘मी गेलो’ म्हणतो. पण दोघे मिळून ‘आम्ही गेलो’. ‘मी’मध्ये बोलणारी बाई की पुरुष हे कळते, ‘आम्ही’त गेल्याबरोबर ते पुसले जाते. रोजच्या बोलण्यात हे निरुपद्रवी आहे, गोडही आहे. ज्या राज्यात ‘आम्ही’शिवाय दुसरा शब्दच उरत नाही तिथे काय काय पुसले जात असेल, हे यावरून जाणवते.

रशियात जन्मलेल्या आणि 1926मध्ये अमेरिकेला गेलेल्या आयन रँडने 1938मध्ये अशीच एक छोटी कादंबरी लिहिली. तिचा नायक एकटा असूनही स्वतःला ‘आम्ही’ म्हणतो, कारण त्याच्या जगात ‘मी’ हा शब्दच हरवला आहे. मराठीत हे वाचताना थोडा घोटाळा होतो. आपल्याकडे एकट्याने ‘आम्ही’ म्हणायचा मान राजांचा! म्हणून मला झाम्यातिनचा मार्ग जास्त खरा वाटतो. त्याच्या डी-503ला ‘मी’ माहीत आहे, फक्त तो त्याला लाजतो.

तर डी-503 राज्याचे गुणगान लिहायला बसतो. आणि आय-330 नावाची एक बाई त्याला भेटते. तिखट, हसताना टोचणारी. ती नियम मोडते, जुन्या घरात नेऊन जुने कपडे घालते, आणि त्याच्या नोंदींत अडखळणे सुरू होते. वाक्ये अर्धी राहतात. स्वप्ने पडू लागतात, जी तिथे आजार मानली जातात. तो दवाखान्यात जातो. हा प्रसंग मला पुस्तकातला सर्वांत सुंदर वाटतो. कागदासारखा पातळ डॉक्टर त्याला तपासून सांगतो, की लक्षण काही बरे नाही, तुमच्यात आत्मा तयार झालेला दिसतो. डी-503 घाबरून विचारतो, म्हणजे काय? डॉक्टर म्हणतो, एक सपाट आरसा समजा. त्यावर आपण दोघे दिसतो, सूर्य दिसतो, एखादी सावली सरकून जाते. सगळे पृष्ठभागावर, क्षणभर, आणि गेले. आता समजा, कुठल्याशा आगीने तो पृष्ठभाग मऊ झाला. मग काहीच घसरून जात नाही. सगळे आत जाते, त्या आरशाच्या जगात, आणि तिथेच राहते. यावर औषध नाही.

व्यक्तिवेगळेपण म्हणजे काय, याची यापेक्षा सोपी व्याख्या मला माहीत नाही. वेगळे कपडे, वेगळी आवड, चारचौघांत उठून दिसणे, यात ते नसते. गोष्टी आत जाऊन राहतात की नाही, एवढाच प्रश्न आहे. तुमच्यावर पडलेला प्रकाश आणि माझ्यावर पडलेला प्रकाश एकच असला, तरी आत जाऊन दोन वेगळ्या गोष्टी होतात.

आय-330 बंडखोरांच्या गटात आहे. ती त्याला क्रांतीबद्दल सांगते, तेव्हा तो गोंधळून म्हणतो, की आमची क्रांती शेवटची होती, आता दुसरी कशी होईल? ती म्हणते, तू गणिती आहेस ना, मग मला शेवटची संख्या सांग. तो म्हणतो, संख्या अनंत आहेत, शेवटची कशी असेल? मग शेवटची क्रांती तरी कशी असेल, असे ती विचारते. 1920-21च्या रशियात, क्रांतीला तीन-चार वर्षेही झाली नसताना हे लिहायला काय छाती लागली असेल!

त्याची किंमत झाम्यातिनने मोजली. 1922मध्ये सोव्हिएत पोलिसांनी त्याला पकडले, आणि झारच्या काळात ज्या तुरुंगात होता त्याच तुरुंगात, त्याच कॉरिडॉरमध्ये त्याला ठेवले. हे त्यानेच पुढे आत्मकथनात लिहिले आहे. कादंबरी रशियात छापू दिली गेली नाही. 1924मध्ये न्यूयॉर्कमध्ये इंग्रजीत आली. 1927मध्ये प्रागमधल्या एका रशियन निर्वासितांच्या मासिकाने भाग छापले, आणि त्यावरून 1929मध्ये त्याच्याविरुद्ध मोहीम उघडली गेली. 1931मध्ये त्याने थेट स्टालिनला पत्र लिहून देशाबाहेर जाऊ देण्याची विनंती केली. लिहू न देणे ही माझ्यासाठी मृत्युदंडाची शिक्षा आहे, असा त्या पत्राचा आशय. प्रसिद्ध लेखक मॅक्झिम गॉर्कीने शब्द टाकला म्हणून परवानगी मिळाली. 1937मध्ये पॅरिसमध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याच्या मातृभूमीत पुस्तक छापून यायला 1988 उजाडले. मधल्या काळात इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेलने त्याच फ्रेंच अनुवादातून ते वाचले आणि 1946च्या जानेवारीत त्यावर लेख लिहिला. त्याची स्वतःची प्रसिद्ध डिस्टोपिया ‘नाइन्टीन एटी-फोर’ 1949ची.

एक गैरसमज इथेच दूर करावासा वाटतो. अशा कथांचा आधार घेऊन काही जण म्हणतात, बघा, सगळ्यांना समान करायला गेले की असे होते. अमेरिकन लेखक कर्ट व्हॉनेगटची 1961ची एक गोष्ट तर याचसाठी नेहमी पुढे केली जाते. तिच्यात 2081 साली हुशार माणसांच्या कानात यंत्र बसवून दर वीस सेकंदांनी आवाज करतात, म्हणजे त्यांना इतरांपेक्षा जास्त विचार करता येऊ नये. पण समता आणि एकसारखेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या भाषेत ‘समता’ हा शब्द फार मोठ्या झगड्यातून आला आहे. समता म्हणते, तुझ्या आणि माझ्या ताटात अन्न सारखे असो. एकसारखेपणा म्हणतो, तू आणि मी घास पन्नास वेळाच चावू. झाम्यातिनचा राग दुसऱ्यावर आहे. ओ-90ला मूल नाकारले गेले ते समतेमुळे नव्हे, तिची उंची मापात बसली नाही म्हणून.

राज्यात दरवर्षी कल्याणकर्त्याची निवड होते, भर उजेडात, हात वर करून. प्राचीन लोक चोरासारखे गुप्त मतदान करायचे, याचे डी-503ला नवल वाटते. ‘विरोधात कोण?’ हा प्रश्न फक्त रीत म्हणून विचारतात. त्या वर्षी तो विचारला जातो आणि हजारो हात वर होतात. त्यात आय-330चा हात असतो. दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र सांगते, की निवड नेहमीप्रमाणे एकमताने झाली.

त्यानंतर राज्य शेवटचा उपाय काढते. मेंदूत कल्पनाशक्तीचे केंद्र सापडले आहे. क्ष-किरणांनी ते जाळले की माणूस यंत्राइतका निर्दोष होतो. आता चाबूक नको, तक्ता नको, पडदेही नकोत.

ओ-90 आधीच पोटातल्या मुलाला घेऊन हिरव्या भिंतीपलीकडे गेली आहे. डी-503 मात्र पकडला जातो, आणि त्याच्यावर शस्त्रक्रिया होते.

या प्रकारच्या कितीतरी कथांत नायक सगळ्यात आधी एक वही मिळवतो. ऑर्वेलचा नायक रोजनिशी सुरू करतो, रँडचा नायक भुयारात मेणबत्तीच्या उजेडात लिहितो. मला वाटते, याचे कारण साधे आहे. लेझीम पन्नास जणींनी मिळून खेळता येते. पेन मात्र एकाच हाताने धरावे लागते. डी-503ने ‘आम्ही’बद्दल लिहायला घेतले, पण रोज बसून लिहिता लिहिता, एकेक शब्द निवडता निवडता, लिहिणारा कुणीतरी तयार झाला. आय-330ने त्याला फक्त धक्का दिला. त्या वहीने त्याला घडवले.

शेवटची, चाळिसावी नोंद शस्त्रक्रियेनंतरची आहे. भाषा स्वच्छ, सरळ, कुठेही न अडखळणारी. आय-330ला काचेच्या घंटेखाली बसवून हवा काढून घेतात, ती एक शब्द बोलत नाही, आणि तो शेजारी बसून शांतपणे ते पाहतो. त्याआधी त्याने आपली जुनी पाने चाळली आहेत. दोनशेहून जास्त पाने. हे सगळे मी लिहिले? असे मला कधी वाटले होते? त्याला खरेच वाटत नाही. पण हस्ताक्षर त्याचेच आहे. ते तो ओळखतो, आणि बरे झाले, फक्त हस्ताक्षरच तेवढे माझे राहिले, असे लिहून पुढची ओळ सुरू करतो, त्याच अक्षरात.